अकाउंटिंगची पदवी: प्रवेशाच्या आधीपासून पहिल्या नोकरीपर्यंत

अकाउंटिंगच्या पदवीचा विचार करणाऱ्यांचे प्रश्न साधारण दोनच असतात: हे मला जमेल का, आणि पुढे काम मिळेल का? दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. एखादा व्यवहार हिशोबात कुठे बसतो आणि तिथेच का बसतो, हे ज्याला दुसऱ्याला समजावून सांगता येतं, त्याला अभ्यास जड जात नाही आणि मुलाखतही. नोंदी पाठ करून पहिलं वर्ष निघून जातं, पण दुसऱ्या वर्षी पाय अडखळतात. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीवर मी त्या ‘का’कडे पुन्हा पुन्हा वळणार आहे.

प्रवेशाआधी: स्वतःची परीक्षा घ्या

गणित कच्चं आहे म्हणून अनेक जण या विषयापासून लांब राहतात. त्याची गरज नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, गुणोत्तर आणि थोडं संख्याशास्त्र एवढ्यावर पदवी होते. खरी कसोटी असते ती वर्गवारीची आवड, बारकाईने वाचण्याची सवय आणि आकडा जुळत नसताना चिडून न उठण्याची चिकाटी यांची.

आपल्यात हे आहे का, ते एका दुपारी तपासता येतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. ज्या कंपनीचा माल तुम्ही वापरता, तिचाच घ्या. त्यातला ताळेबंद (कंपनीकडे काय आहे आणि ती किती देणं लागते), नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक (पैसा कुठून आला, कुठे गेला) समोर ठेवा आणि दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी पाहा. सगळं कळणार नाही, कळायलाही नको. पण तासाभराने ‘नफा वाढलाय, मग बँकेतली शिल्लक का घटली?’ असा एखादा प्रश्न आपसूक पडला, तर हा विषय तुमच्यासाठी आहे. पानं उलटताना काहीच कुतूहल वाटलं नाही, तर केवळ नोकरीच्या आशेने तीन-चार वर्षं देण्याआधी नीट विचार करा.

अभ्यासक्रम निवडताना उलट्या दिशेने चला

आधी शेवट ठरवा. ऑडिट अहवालावर स्वतःच्या सहीने मत द्यायचं असेल, तर जवळपास सगळीकडे नुसती पदवी पुरत नाही, त्यावर व्यावसायिक पात्रता लागते. ती कोणती हे आधी पाहा आणि मग तिच्याकडे नेणारी पदवी शोधा. विद्यापीठाला विचारायचे प्रश्न मोजके आहेत. या पदवीमुळे व्यावसायिक परीक्षेतल्या किती पेपरांची सूट मिळते? अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा काळ आहे का, आणि तो शोधायला कॉलेज मदत करतं का? ऑडिट आणि करविषयक पेपर सक्तीचे आहेत की ऐच्छिक? सूट मिळते असं माहितीपत्रकात छापलेलं असलं, तरी ती संबंधित व्यावसायिक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळून घ्या. ती कोणत्या वर्षाच्या तुकडीला लागू आहे, हेही पाहा.

फक्त नावावरून ‘अकाउंटिंग’ आणि ‘फायनान्स’ यांत गोंधळू नका. अकाउंटिंग म्हणजे जे घडलं ते मोजणं, मांडणं आणि तपासणं. फायनान्सचा भर पुढे काय घडेल त्याची किंमत ठरवण्यावर असतो. दोन्ही एकत्र शिकवणाऱ्या पदव्या पुष्कळ आहेत आणि ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याच्यासाठी त्या चांगल्या.

पहिलं सत्र: इथे घाई करू नका

दुहेरी नोंद पद्धतीचं पहिलं छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडतं. व्यापारी ती पद्धत त्याच्याही आधीपासून वापरत होते. आजचं सर्वांत महागडं सॉफ्टवेअरसुद्धा आतून तोच नियम पाळतं: प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू, आणि नावे (डेबिट) रकमांची बेरीज जमा (क्रेडिट) रकमांच्या बेरजेइतकीच. पदवीतलं बाकी सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे दिलेला वेळ सर्वांत जास्त परतावा देतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. चलन कोणतंही धरा.

एक जण डिझाइनचा व्यवसाय सुरू करतो. पहिल्या महिन्यात १,००,००० भांडवल बँकेत भरतो. ६०,०००चा संगणक रोखीने घेतो, तो पाच वर्षं चालेल असं धरतो. वर्षभराचं भाडं २४,००० आगाऊ देतो. महिन्याभरात ३०,०००चं काम करून बिलं देतो, त्यातले १२,००० हातात येतात. मदतनिसाचे या महिन्याचे ८,००० पुढच्या महिन्यात द्यायचे आहेत.

बँकेत किती उरले? १,००,००० मधून ६०,००० आणि २४,००० गेले, १२,००० आले: शिल्लक २८,०००. एका महिन्यात ७२,००० कमी झाले. मग हा तोट्यात आहे का?

नफा काढू. काम ३०,०००चं झालं, म्हणून उत्पन्न ३०,००० धरायचं. पैसे किती आले, हा इथे प्रश्नच नाही. संगणक ६० महिने चालणार, तेव्हा या महिन्याचा घसारा, म्हणजे वापरापोटी खर्ची धरायचा तिच्या किमतीचा वाटा, १,०००. भाड्यातला या महिन्याचा वाटा २,०००. मदतनिसाने काम याच महिन्यात केलं, म्हणून त्याचे ८,००० याच महिन्याचा खर्च. नफा १९,०००.

आता ताळेबंद. मालमत्तेच्या बाजूला बँक २८,०००, ग्राहकांकडून येणे १८,०००, आगाऊ दिलेलं भाडं २२,०००, संगणक ५९,०००, एकूण १,२७,०००. दुसऱ्या बाजूला वेतन देणे ८,०००, भांडवल १,००,००० आणि नफा १९,०००, एकूण १,२७,०००. जुळलं.

शेवटची पायरी बरेच विद्यार्थी करत नाहीत आणि तिथेच सगळं शिक्षण आहे: १९,००० नफ्यापासून ७२,०००च्या घटीपर्यंत पोहोचून दाखवा. १९,००० मध्ये घसाऱ्याचे १,००० मिळवा, कारण त्यात पैसा बाहेर गेला नाही. न दिलेलं वेतन ८,००० मिळवा. ग्राहकांकडे अडकलेले १८,००० आणि पुढच्या महिन्यांच्या भाड्यात गेलेले २२,००० वजा करा. हाती येतात उणे १२,०००. त्यातून संगणकाचे ६०,००० वजा करा: उणे ७२,०००. रोख प्रवाह पत्रकाची अप्रत्यक्ष पद्धत म्हणजे नेमकं हेच. हे उदाहरण कोऱ्या कागदावर, वर न पाहता, रोजकीर्द (व्यवहारांच्या तारखेवार नोंदी), खतावणी (त्यांची खातेवार मांडणी) आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) यांसह पुन्हा करा. मग दुसऱ्या महिन्याचे व्यवहार स्वतः रचून पुढे न्या.

सरावाची पद्धतही यातूनच येते. प्रत्येक नोंदीखाली एका ओळीत कारण लिहा. उत्तर पाहण्याआधी किमान एकदा स्वतः अडका. पहिले काही आठवडे हे हातानेच करा, कारण सॉफ्टवेअर दुसरी बाजू आपोआप भरून टाकतं आणि जिथे विचार करायचा ती जागाच निघून जाते.

तेरीज जुळली नाही तर कुठून शोधायला लागायचं, त्याच्या दोन जुन्या खुणा लक्षात ठेवा. फरकाला ९ने भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी: ५४०चे ४५० लिहिले तर फरक ९० येतो. फरक निम्मा करून ती रक्कम एखाद्या खात्यात दिसली, तर ती चुकीच्या बाजूला गेली असू शकते, कारण १२० नावेऐवजी जमेला लिहिले की फरक २४० पडतो. आणि तेरीज जुळली म्हणजे हिशोब बरोबर, असं मुळीच समजू नका. नोंदच राहून गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला, तरी तेरीज जुळतेच.

मधली वर्षं: नियम, आणि नियमांमागचं कारण

इथून पुढे विषय वाढतात: परिव्यय लेखा (वस्तू किंवा सेवा तयार करण्याचा खर्च मोजणं), कर, कंपनी कायदा, अर्थशास्त्र, ऑडिट, आर्थिक विश्लेषण. यात सर्वाधिक गोंधळ लेखामानकांचा, म्हणजे हिशोब कसा मांडायचा याच्या अधिकृत नियमांचा होतो. जगात दोन मोठ्या चौकटी आहेत. लंडनस्थित आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाची आयएफआरएस ही १४०हून अधिक देशांत आणि प्रदेशांत बहुतेक सूचिबद्ध कंपन्यांसाठी सक्तीची आहे, तर अमेरिकन कंपन्या एफएएसबी या तिथल्या मानक मंडळाने ठरवलेली यूएस गॅप (GAAP) पाळतात. काही देश आयएफआरएसला जुळणारी स्वतःची मानकं वापरतात. तुमच्या अभ्यासक्रमात कोणती शिकवतात, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घ्या.

मानकं बदलतात, हेही मनाशी पक्कं असू द्या. २०१९पासून आयएफआरएस १६ लागू झालं आणि भाडेपट्ट्यावर घेतलेल्या बहुतेक मालमत्ता व त्यांची देणी ताळेबंदात आली. आधी त्यातल्या कितीतरी फक्त टिपांमध्ये दिसायच्या. २०२७पासून आयएफआरएस १८ नफा-तोटा पत्रकाची मांडणी बदलणार आहे. म्हणून जुन्या आवृत्तीचं पुस्तक स्वस्तात मिळालं, तरी संकल्पनांपुरतंच वापरा. मानकांवरचे प्रश्न चालू आवृत्तीतूनच सोडवा.

ऑडिट हा विषय वाचताना कंटाळवाणा वाटतो, कारण पुस्तकात नुसत्या प्रक्रियांच्या याद्या असतात. तो खऱ्या प्रकरणांतून शिका. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचं प्रकरण २००२ साली उघड झालं, ते बघा. दुसऱ्यांच्या तारांचं जाळं वापरण्यासाठी कंपनी जे शुल्क देत होती, तो उघडपणे चालू खर्च होता. तो मालमत्ता म्हणून ताळेबंदात टाकला गेला. खर्च कमी दिसला, नफा फुगला. अंतर्गत ऑडिट विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधून काढलं. सुरुवातीला जाहीर झालेली रक्कमच सुमारे ३८० कोटी डॉलर होती. यात गुंतागुंतीचं गणित काहीही नव्हतं. पहिल्या सत्रात शिकलेला ‘हा खर्च की ही मालमत्ता?’ हाच प्रश्न चुकीच्या हेतूने सोडवला गेला होता. एन्रॉन या ऊर्जा कंपनीचा हिशोब घोटाळा आणि वर्ल्डकॉम यांच्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला आणि अंतर्गत नियंत्रणांच्या तपासणीचं काम प्रचंड वाढलं. ऑडिटमधल्या आजच्या कितीतरी नोकऱ्यांचं मूळ तिथे आहे.

परिव्यय लेख्याकडे परीक्षेपुरता विषय म्हणून पाहू नका. कारखान्यात, हॉस्पिटलात, सॉफ्टवेअर कंपनीत, कुठेही गेलात तरी ‘ही ऑर्डर या भावात घ्यावी का?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर स्थिर आणि बदलत्या खर्चाची फोड करूनच देता येतं.

परीक्षेत वेळ गुणांवर वाटून घ्या. तीन तासांत १०० गुण म्हणजे गुणामागे १.८ मिनिटं, म्हणजे २० गुणांच्या प्रश्नाला ३६. ती संपली की ताळेबंद जुळला नसला तरी पुढे सरका. आकडेमोडीची टिपणं स्वच्छ लिहा. सुरुवातीला एक आकडा चुकला, पण पुढची पद्धत बरोबर असल्याचं परीक्षकाला दिसलं, तर पुढचे गुण बहुधा वाचतात.

स्प्रेडशीट आणि सॉफ्टवेअर

दुसऱ्या वर्षापर्यंत एक्सेल हाताखाली आलं पाहिजे. पिव्होट टेबल, सम-इफ्स, एक्स-लूकअप आणि पॉवर क्वेरी ही आकडे गोळा करून जुळवणारी त्यातली साधनं, एवढं येणारा पदवीधर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. त्याहून महत्त्वाची आहे शिस्त: गृहीतकं वेगळ्या पानावर, सूत्रात आकडा थेट न टाकणं, आणि प्रत्येक तक्त्याखाली दोन्ही बाजूंचा फरक शून्य येतो का हे दाखवणारी एक ओळ. वेळ उरला तर डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा, एसक्यूएल, प्राथमिक पातळीवर शिका, कारण मोठ्या कंपनीतले व्यवहार एका स्प्रेडशीटमध्ये मावत नाहीत.

शिकत असतानाच काम

मला विचाराल तर पदवीच्या काळातला सर्वांत मोलाचा भाग हाच. मोठ्या फर्मचं नाव मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नका. छोट्या कार्यालयात बिलापासून कर विवरणपत्रापर्यंतचा पूर्ण प्रवास एका टेबलावर दिसतो, मोठ्या ठिकाणी कदाचित तीन महिने एकाच खात्याची पावत्यांशी पडताळणी करत बसाल. दोन्हींत शिकायला आहे.

बँक जुळवणीचं, म्हणजे आपली पुस्तकं आणि बँकेचं विवरण ताडून पाहण्याचं काम मिळालं तर ते हलकं समजू नका. पुस्तकात ४६,५०० शिल्लक, बँकेच्या विवरणात ५१,२००. दिलेला ५,००० चा चेक अजून वटलेला नाही आणि बँकेने कापलेलं ३०० शुल्क आपल्या पुस्तकात आलेलं नाही. ५१,२०० मधून ५,००० गेले की ४६,२००, आणि ४६,५०० मधून ३०० गेले तरी ४६,२००. यातली नोंद फक्त ३००ची करायची, चेकची करायची नाही, आणि ते का हे कळलं की जुळवणी कळली. मग पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: तोच चेक सहा महिने वटला नाही, तर? तो ज्याला दिला त्याच्यापर्यंत पोहोचला तरी का? तपासनिसाची नजर अशीच तयार होते.

कामाच्या ठिकाणी एक वही ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती तीत नको. आज कोणत्या प्रकारचा व्यवहार पाहिला, तो कसा नोंदला आणि कोणता प्रश्न सुटला नाही, एवढंच लिहा. मुलाखतीत सांगायला खरे प्रसंग इथूनच मिळतात.

व्यावसायिक पात्रता: एकच निवडा आणि पुरी करा

ऑडिट आणि वैधानिक सहीसाठी आपापल्या देशातली सनदी पात्रता पाहा. भारतात १९४९च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयसीएआय या सनदी लेखापालांच्या (सीए) संस्थेच्या परीक्षा फाउंडेशन, इंटरमीडिएट आणि फायनल अशा तीन स्तरांवर होतात. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के असतील तर थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते, आणि सध्याच्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची आहे. अमेरिकेतल्या सीपीए या सनदी लेखापालांच्या परीक्षेचे २०२४पासून तीन मुख्य आणि एक निवडीचा असे चार भाग आहेत. परवान्यासाठी लागणारं शिक्षण आणि अनुभव प्रत्येक राज्य ठरवतं. ब्रिटनमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या एसीसीए या लेखापाल संस्थेची पात्रता अनेक देशांत चालते. तिच्या सध्याच्या रचनेत १३ पेपर आणि ३६ महिन्यांचा अनुभव आहे, आणि योग्य पदवी असेल तर नऊपर्यंत पेपरांची सूट मिळू शकते. कंपनीच्या आत राहून खर्च आणि निर्णयांचं काम करायचं असेल, तर अमेरिकेतल्या आयएमए या संस्थेची दोन भागांची सीएमए किंवा ब्रिटनमधल्या सीमा (CIMA) या संस्थेची पात्रता जवळची. अंतर्गत ऑडिटसाठी तीन भागांची सीआयए (CIA) ही परीक्षा आहे.

यांतल्या दोन-तीन अर्धवट करण्यापेक्षा एक पूर्ण केलेली कधीही बरी. सूट मिळालेल्या पेपरांचा विषय मात्र घरी वाचाच. वरचे पेपर तो येतो असं धरूनच काढलेले असतात.

कामाच्या वाटा

पब्लिक अकाउंटिंग, म्हणजे इतरांचे हिशोब तपासणाऱ्या आणि कर सांभाळणाऱ्या फर्म, हे सर्वांत रुळलेलं दार. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार मोठ्या, आणि त्यांच्याखाली मध्यम व लहान फर्मची मोठी फळी. दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या उद्योगांचे हिशोब आतून पाहायला मिळतात. हंगामात दिवस फार लांबतात, हे आधीच माहीत असू द्या.

कंपन्यांच्या वित्त विभागात महिनाअखेरीची पुस्तकं बंद करणं, अंदाजपत्रक, खर्च विश्लेषण आणि पुढे फायनान्शियल कंट्रोलर, मुख्य वित्त अधिकारी अशी चढण आहे. याशिवाय बँकांचं कर्जमूल्यांकन, सरकारी लेखापरीक्षण, स्वयंसेवी संस्थांचे हिशोब, गैरव्यवहारांचा माग काढणारं फॉरेन्सिक काम, आणि आता कंपन्यांच्या पर्यावरणविषयक अहवालांची तपासणी.

‘सॉफ्टवेअर हे सगळं करणार, मग आमचं काय?’ ही भीती खरी आहे आणि तिचं सरळ उत्तर द्यायला हवं. बिलं वाचून खात्यात टाकणं, साध्या जुळवण्या करणं, हे काम यंत्रांकडे चाललंय आणि जाईलच. केवळ नोंदी टाकण्याच्या बळावर कारकीर्द उभी करण्याचा विचार असेल, तर तो बदला. १९७९ साली व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं तेव्हा हाताने तक्ते मांडण्याचं काम संपत गेलं, आणि ‘भाव इतका बदलला तर नफा किती?’ असे प्रश्न विचारणं स्वस्त झाल्याने विश्लेषणाची मागणी वाढली. ही बुडीत येणी किती धरायची, हे उत्पन्न याच वर्षाचं की पुढच्या, हे व्यवस्थापनाचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे का, या निर्णयांखाली आजही माणसाचीच सही लागते.

पहिली मुलाखत

दोन पानांऐवजी एका पानाचा परिचय द्या. ‘एक्सेल उत्तम’ असं मोघम लिहिण्यापेक्षा एक्सेलमध्ये काय बांधलं ते लिहा. कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल वाचून जा, विशेषतः लेखाधोरणांच्या टिपा आणि ऑडिटरचा अहवाल. त्यातला एक नेमका प्रश्न विचारलात, तर तुम्ही तयारी करून आला आहात हे सांगावं लागत नाही.

पुष्कळ ठिकाणी विचारला जाणारा एक प्रश्न पाठ न करता समजून घ्या: घसारा १०ने वाढला, कराचा दर ३० टक्के, तर तिन्ही पत्रकांत काय बदलेल? करपूर्व नफा १०ने कमी, कर ३ने कमी, म्हणजे निव्वळ नफा ७ने कमी. रोख प्रवाहात त्या उणे ७मध्ये घसाऱ्याचे १० परत मिळवायचे, म्हणून रोख ३ने जास्त. ताळेबंदात रोख ३ने वाढली, यंत्रांची किंमत १०ने घटली, म्हणजे मालमत्ता ७ने कमी आणि समोर भांडवल व राखीव निधीही ७ने कमी. उत्तर बरोबर आलं की मुलाखत घेणारे बहुधा लगेच विचारतात: घसाऱ्यात पैसा बाहेर जातच नाही, मग रोख वाढली कशी? कारण हा जादा घसारा करासाठी मान्य आहे असं आपण धरलं आणि कर ३ने कमी भरला. तो मान्य नसेल तर त्या वर्षी भरायच्या करात काहीच फरक पडत नाही आणि रोख आहे तेवढीच राहते. हे गृहीतक विचारण्याआधीच स्वतःहून मांडा.